हृदयाची धडधड आणि सनईचे सूर

लातूरच्या मोंढ्यात आडतीचा व्यवसाय करणाऱ्या एका सद्गृहस्थांनी गेल्या चातुर्मासात, मार्च महिना नसतानाही, आपला ताळेबंद काढला. वय सदुसष्ट, त्यांतील पंचेचाळीस वर्षे गादीवर बसण्यात गेलेली. मूठभर तूर हातात घेऊन तिच्यातील ओल सांगणारा हा अनुभवी माणूस एका रात्री मुनीमजी घरी गेल्यावर दिवा लावून बसला. कोणाकडे किती येणे आहे, कोणाचे किती देणे आहे, कोणत्या शेतकऱ्याची पट्टी द्यावयाची राहिली आहे, लॉकरची किल्ली कोठे आहे, विम्याचे कागद कोणत्या कपाटात आहेत, असे सारे त्यांनी एका लहानशा डायरीत स्वच्छ अक्षरांत लिहून काढले. डायरी थोरल्या मुलाच्या खणात ठेवली आणि कोणालाही काही सांगितले नाही. दोन दिवसांनी त्यांना अँजिओग्राफीसाठी नांदेडला जावयाचे होते.

घरात आणि नात्यागोत्यात त्यांना सारे बाबूजी म्हणतात. दुखणे म्हणावे तर मोठे नव्हते. सकाळी स्थानकाचा जिना चढताना छातीवर कोणी पोते ठेवल्यासारखे वाटे; दोन मिनिटे थांबले की बरे वाटे. महिनाभर त्यांनी ते अंगावर काढले. मग ईसीजी झाला, पट्ट्यावर चालण्याची चाचणी झाली आणि डॉक्टरांनी अँजिओग्राफीचा सल्ला दिला. लातुरातही ही सोय आहे. परंतु कन्या नांदेडला वजिराबादेत दिलेली. "बाबूजी, इथेच या. मी डोळ्यांसमोर असेन, तर तुम्हालाही बरं वाटेल आणि मलाही," असा तिचा आग्रह पडला. निघण्यापूर्वी बाबूजींनी महासतीजींकडून मांगलिक ऐकली आणि अहमदपूर, लोहा मागे टाकीत गाडी नांदेडला पोहोचली.

त्यांना भीती नव्हती, असे कोणीही म्हटले असते. तपासणीपूर्वी काही तास उपाशी राहावयाचे, हे ऐकून ते हसले होते. ज्याने आयुष्यात अनेक अठ्ठाया केल्या, त्याला काही तासांच्या उपवासाचे काय? त्यांची भीती निराळी होती. आपण पूर्ण जागे असणार, आणि जागेपणीच कोणी आपल्या हृदयापर्यंत नळी नेणार, ही कल्पना त्यांना झोपू देत नव्हती. व्यापारी माणसाला जोखीम नवी नसते. पण ज्या सौद्यात आपल्या हाती काहीच नाही, केवळ स्वस्थ पडून राहणे एवढेच आपले काम आहे, असा सौदा त्यांनी कधी केला नव्हता. ती डायरी म्हणजे त्या भीतीचाच हिशेब होता.

ही भीती एकट्या बाबूजींची नाही. या उपचाराची घडणच अशी आहे की त्यात रुग्णाला जागे राहावे लागते. १९२९ साली जर्मनीतील एबर्सवाल्ड या गावी वेर्नर फोर्समान नावाच्या तरुण डॉक्टराने स्वतःच्याच हाताच्या शिरेतून एक नळी हृदयापर्यंत सरकवली आणि तशाच स्थितीत चालत जाऊन क्ष-किरण चित्र काढून घेतले. त्या काळी त्याची उपेक्षा झाली. पुढे १९५६ साली त्याच कामासाठी त्याला नोबेल पारितोषिकाचा मान मिळाला. १९५८ साली अमेरिकेत क्लीव्हलँड येथे मेसन सोन्स यांनी हृदयाला रक्त पुरवणाऱ्या धमन्यांत थेट रंगद्रव्य सोडून त्यांची चित्रे घेण्याची रीत बसवली. १६ सप्टेंबर १९७७ रोजी झुरिच येथे आंद्रेआस ग्रुंट्झिग यांनी जागृत रुग्णाच्या हृदयातील अरुंद झालेली धमनी इवल्याशा फुग्याने रुंद केली. आज गावोगावी होणाऱ्या अँजिओग्राफीचा आणि अँजिओप्लास्टीचा वंश हा असा आहे. बहुतेक वेळा नळी शिरते तेवढ्या जागेपुरती भूल देतात. रुग्णाने सांगितल्याबरोबर श्वास रोखावा, छातीत दुखले तर लगेच बोलावे, आणि पूर्ण भुलीची जोखीम टळावी, अशी त्यामागची कारणे आहेत. रुग्णाचे जागेपण हे अशा रीतीने त्याच्या सुरक्षिततेचेच साधन असते. मात्र त्याची किंमत त्याच्या मनाला मोजावी लागते.

आणि मनाची किंमत शरीराच्या खात्यावर पडल्यावाचून राहत नाही. माणूस घाबरला की अॅड्रिनॅलिन रक्तात उतरते. नाडी जलद होते, रक्तदाब चढतो, हृदयाला अधिक काम पडते. ज्या हृदयाला आधीच रक्त कमी पडते आहे, त्याच्यावर हा नवा बोजा. शिवाय हल्ली नळी बहुधा मनगटातील धमनीतून नेतात. ती धमनी बारीक. भीतीने ती आकुंचन पावू शकते आणि मग नळी पुढे सरकवणे डॉक्टरांना कठीण व रुग्णाला वेदनादायक होते. म्हणून रुग्णाची भीती कमी करणे हा केवळ सौजन्याचा प्रश्न नाही. तो उपचाराचाच एक भाग आहे. यासाठी शामक औषधे आहेत, धीराचे शब्द आहेत आणि अलीकडे अनेक ठिकाणी संगीतही आहे.

नांदेडच्या त्या रुग्णालयात कॅथलॅबमध्ये रुग्णाच्या आवडीचे काही लावण्याची मुभा होती. आदल्या संध्याकाळी सिस्टरने विचारले, तेव्हा बाबूजी खालच्या मजल्यावर रक्त देण्यासाठी गेले होते. उत्तर थोरल्या मुलाने दिले. त्याला विचार करण्याची गरजच वाटली नाही. जैन माणूस, नित्य सामायिक करणारा, त्याला नवकाराहून प्रिय काय असणार? त्याच्या मोबाइलमध्ये नवकाराची संथ चालीवरील एक ध्वनिमुद्रित फीत होती. ती त्याने सिस्टरकडे पाठवून दिली आणि आपण वडिलांसाठी काहीतरी चांगले केले, या समाधानात तो झोपी गेला.

सकाळी बाबूजींना आत नेले. खोली थंडगार, यंत्रांसाठी ती तशीच ठेवतात. अरुंद टेबल, छातीवर चिकटवलेल्या पट्ट्या, अंगावर निळी चादर, भोवती शिशाचे जड अंगरखे घातलेली माणसे, डोक्यावर फिरणारे क्ष-किरण यंत्र आणि स्वतःच्याच हृदयाचे ठोके मोजणारा मॉनिटरचा टिक-टिक आवाज. मनगटावर सुई टोचली गेली. तेवढ्यात कोपऱ्यातून संथ चालीवर नवकार सुरू झाला.

आणि बाबूजींची नाडी एकाएकी चढली.

त्याचे कारण त्या खोलीत कोणालाही ठाऊक असणे शक्य नव्हते. दोन वर्षांपूर्वी बाबूजींचे वडीलबंधू, ज्यांना ते आयुष्यभर भाईसा म्हणत आले, लातूरच्या घरी अंथरुणाला खिळले होते. डॉक्टरांनी आशा सोडल्यावर सारे कुटुंब उशाशी बसले. अंतिम समयी कानांवर नवकार पडावा, ही जैन कुटुंबांची जुनी रीत. म्हणून रात्रभर उशाशी हीच फीत लावून ठेवली होती. भाईसांचा हात हातात धरून बाबूजी पहाटेपर्यंत बसले. फीत संपे, पुन्हा सुरू होई. एका आवर्तनाच्या मध्येच तो हात थंड झाला. तीच चाल, तेच स्वर, तीच मागे वाजणारी घंटा आता नांदेडच्या त्या थंड खोलीत त्यांच्या कानांवर आली; आणि घरच्यांना जे ठाऊक आहे, ते आपल्याला कोणी सांगितलेले नाही, अशी त्यांची एका क्षणात खात्री होऊन गेली.

मॉनिटरकडे पाहणाऱ्या सिस्टरच्या ते ध्यानात आले. ती जवळ आली, तिने त्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि विचारले, "काका, दुखतंय का काही?" बाबूजींनी मान हलवली. थोड्या वेळाने ते हळूच म्हणाले, "बाई, ते बंद करा." आपण काय बोललो, हे उमगून त्यांच्या डोळ्यांत पाणी आले. सिस्टरने दुसरा प्रश्न विचारला नाही. तिने आवाज बंद केला आणि म्हणाली, "मग काय लावू, काका? तुम्हाला काय आवडतं?"

असे त्यांना अनेक वर्षांत कोणी विचारले नव्हते. काय आवडते, हे त्यांना स्वतःलाही लगेच सांगता येईना. मग त्यांच्या तोंडून शब्द आला, "सनई."

ती कोठून आली, हे कळण्यासाठी साठ वर्षे मागे जावे लागेल. बाबूजींच्या वडिलांचे लातूरच्या गंजगोलाईत किराणा दुकान होते. सोळा वाटा जेथे येऊन मिळतात, त्या गोल बाजारपेठेत सकाळी दुकान उघडावयाचे, झाडलोट करावयाची, तराजूची पारडी पुसावयाची, उदबत्ती लावावयाची, आणि मगच पहिल्या गिऱ्हाइकाची बोहनी. फळीवर एक रेडिओ होता. आकाशवाणीच्या सकाळच्या सभेत मंगलध्वनी लागे, त्यात सनई वाजे. पुष्कळदा ती उस्ताद बिस्मिल्ला खाँ यांची असे. राग कोणता, हे त्या घरात कोणी विचारीत नसे. सनई वाजली म्हणजे दिवस उजाडला, वडील गादीवर बसले, सारे काही जागच्या जागी आहे, एवढाच तिचा अर्थ. पुढे दुकान सुटले, आडत आली, रेडिओ गेला. सनई मात्र आत कोठेतरी राहून गेली होती.

सिस्टरने मोबाइलवर शोधून सनई लावली. आवाज मंद ठेवला, कारण डॉक्टरांचे शब्द रुग्णाला स्पष्ट ऐकू येणे आवश्यक असते. बाबूजींनी डोळे मिटले. मॉनिटरवरील आकडा हळूहळू खाली येऊ लागला. "काका, श्वास घ्या... धरून ठेवा... सोडा," असे डॉक्टर म्हणत होते आणि काका तसे करीत होते. रंगद्रव्य सोडले तेव्हा छातीत उष्ण लाट पसरल्यासारखे वाटले. तसे होईल, हे त्यांना आधीच सांगितले होते. एका धमनीत मोठा अडथळा निघाला. बाहेर कुटुंबाशी व आत बाबूजींशी बोलून डॉक्टरांनी त्याच वेळी स्टेंट बसवला. सारे संपले तेव्हा सनई दुसऱ्यांदा वाजत होती.

हा केवळ सनईचा प्रभाव, असे म्हणणे हिशेबाला धरून होणार नाही. त्यांना शामक औषधही थोडे दिलेले होते. सिस्टरचा खांद्यावरील हात होता. आपल्याला कोणीतरी विचारले, आपल्या सांगण्याप्रमाणे काहीतरी घडले, हेही होते. ज्या टेबलावर माणसाच्या हाती काहीच उरत नाही, तेथे एक लहानसा निर्णय त्यांच्या हाती आला. यांतील कोणत्या रकमेचा वाटा किती, हे वेगळे काढता येणार नाही; बेरीज मात्र मॉनिटरवर दिसली.

संशोधनही काहीसे असेच सांगते. वैद्यकीय चाचण्यांचा तटस्थपणे आढावा घेणाऱ्या कॉक्रेन या आंतरराष्ट्रीय संस्थेने २०१३ साली हृदयरोगी आणि संगीत या विषयावरील २६ चाचण्यांचा, म्हणजे १३६९ रुग्णांच्या अनुभवाचा आढावा प्रसिद्ध केला. ध्वनिमुद्रित संगीत ऐकल्याने हृदयरोग्यांची चिंता काही प्रमाणात कमी होऊ शकते, विशेषतः हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्यांची. नाडी आणि रक्तदाब यांवरही अनुकूल परिणाम होऊ शकतो, असा त्याचा निष्कर्ष होता. परिणाम माफक आहे आणि सर्व चाचण्या सारख्या दर्जाच्या नाहीत, हेही त्यात प्रांजळपणे नोंदवलेले आहे. त्यातील एक गोष्ट कुटुंबांनी विशेष लक्षात घेण्यासारखी आहे. संगीत कोणते ऐकावयाचे, हे जेथे रुग्णाने स्वतः निवडले, तेथे चिंता अधिक कमी झाली.

नांदेडच्या त्या खोलीत जे घडले, त्याचे मर्म या एका वाक्यात आहे. शांत वाटावे असा कोणताही एक स्वर सर्वांसाठी नसतो. प्रत्येकाच्या कानांमागे त्याचे स्वतःचे आयुष्य उभे असते. एकाला जो स्वर पहाट आहे, तो दुसऱ्याला अखेरची रात्र असू शकतो. मुलाने दिले ते प्रेमानेच दिले. पण त्याने वडिलांना विचारले नव्हते.

घरी आल्यावर एक नवेच दुखणे उभे राहिले. आत काय घडले, हे सिस्टरकडून मुलाला कळले होते. त्याला वाईट वाटले, "बाबूजी, तुम्ही नवकार बंद करायला सांगितलं?" असे तो बोलून गेला आणि मग बोलल्याचा त्याला पश्चात्ताप झाला. बाबूजी गप्प राहिले. तो प्रश्न ते स्वतःलाच रुग्णालयातील पलंगावर रात्रभर विचारीत होते. ज्या मंत्राने दिवस सुरू केला आणि दिवस संपवला, तोच संकटाच्या वेळी आपण बंद करावयास लावला. ही आशातना झाली, आपली श्रद्धा इतकी कच्ची निघाली, हा सल त्यांना धमनीतील अडथळ्याहून अधिक बोचू लागला. औषधे वेळेवर चालू होती, जखम भरली होती. तरी माणूस हिरमुसलेला होता. घरातील कोणाला काय बोलावे, हे सुचेना.

डॉक्टरांनी चालण्यास परवानगी दिल्यावर ते प्रथम स्थानकात गेले. वंदना करून त्यांनी महासतीजींना सारे सांगितले आणि प्रायश्चित्त मागितले. महासतीजींनी शांतपणे ऐकून घेतले आणि एकच गोष्ट विचारली, "यंत्र बंद झाल्यावर मनातला नवकार चालू होता की नव्हता?"

बाबूजींनी आठवून पाहिले. सनई वाजत होती. आणि तिच्याखाली, ओठ न हलवता, एकेका श्वासाबरोबर नवकार चाललेला होता. किती आवर्तने झाली, हे त्यांनी मोजले नव्हते. "होता," ते म्हणाले.

"मग बंद काय झाले?"

बाबूजी काही बोलले नाहीत. ते उठले, आपल्या जागेवर आसन घातले आणि सामायिकास बसले. त्या दिवसापासून तो सल गेला.

महासतीजींच्या त्या प्रश्नात केवळ सांत्वन नव्हते. जैन साधनेची जुनी दृष्टी त्यात होती. तत्त्वार्थसूत्राच्या नवव्या अध्यायात ध्यानाचे चार प्रकार सांगितले आहेत, आणि त्यांतील पहिल्याचे, आर्तध्यानाचे, वेदना हे एक कारण म्हटले आहे. शरीराच्या दुःखाभोवती मन पुन्हा पुन्हा फिरत राहते. कॅथलॅबच्या दाराशी वाट पाहणाऱ्या माणसाची अवस्था याहून वेगळी नसते. त्यातून मनाला बाहेर काढण्यासाठी परंपरेने जी साधने दिली, त्यांत श्वासाला मोठे स्थान आहे. कायोत्सर्गाचे मापच श्वासोच्छ्वासांत दिलेले आहे. श्वेतांबर परंपरेत एका लोगस्सचे पंचवीस श्वासोच्छ्वास आणि एका नवकाराचे आठ धरतात. दिगंबर परंपरेत नऊ णमोकारांचा कायोत्सर्ग सत्तावीस उच्छ्वासांचा मानतात. मंत्र मोजण्यासाठी घड्याळ नव्हते, श्वास होता.

आधुनिक विज्ञान याच वाटेने थोडे चालून आले आहे. इटलीतील पाव्हिया येथील लुचियानो बेर्नार्दी आणि त्यांचे सहकारी यांनी २००१ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. २३ निरोगी प्रौढांना त्यांनी कधी ख्रिस्ती जपमाळेची प्रार्थना, तर कधी एक बौद्ध मंत्र म्हणावयास सांगितला. दोन्ही वेळी श्वासाची गती मिनिटाला सुमारे सहापर्यंत संथ झाली आणि हृदय व रक्तदाब यांच्या लयी परस्परांशी जुळून आल्या. धर्म वेगळे, भाषा वेगळ्या. श्वासाची लय मात्र तीच. याच संशोधकांनी २००६ साली २४ व्यक्तींवर निरनिराळ्या संगीताचा परिणाम तपासला. त्यात भारतीय रागसंगीतही होते. जलद संगीताने श्वास व नाडी वाढली. आणि सर्वांत अधिक विश्रांती दिसली ती मध्ये सोडलेल्या दोन मिनिटांच्या शांततेत. मौनाचे महत्त्व ज्या समाजाला कोणी नव्याने सांगावयास नको, त्याला हा निष्कर्ष ओळखीचाच वाटेल.

मात्र येथे एक सीमा स्पष्ट आखून घेतली पाहिजे. संगीताने भीती उतरते. धमनीतील अडथळा उतरत नाही. अमुक राग ऐकल्याने ब्लॉकेज उघडते, अमुक मंत्राने बायपास टळते, असे संदेश मोबाइलवर फिरत असतात. असे सिद्ध करणारा पुरावा नाही. छातीत दाब, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ, दरदरून घाम, धाप, अशी लक्षणे दिसताच क्षणही न दवडता रुग्णालय गाठावे. तेव्हा स्तवन लावून वाट पाहत बसणे म्हणजे जिवाशी व्यवहार करणे होय. बाबूजींनीही महिनाभर जे अंगावर काढले, ते काढावयास नको होते; त्यांच्या सुदैवाने तो सौदा अंगाशी आला नाही.

उपचार मात्र नीट चालू असेल, तर भीतीवरील हा उपाय इतका स्वस्त आहे की तो न करण्यास कारण उरत नाही. ज्या घरात कोणाची अँजिओग्राफी ठरली असेल, त्या घराने आदल्या दिवशी रुग्णाशेजारी दहा मिनिटे बसावे आणि विचारावे, तुम्हाला काय ऐकावेसे वाटते? उत्तर स्तवन असेल, जुने चित्रपटसंगीत असेल, नाट्यपद असेल, बासरी असेल. किंवा काहीच नको, शांतता हवी, असेही असेल. ते उत्तर जसेच्या तसे मानावे. आपल्याला शोभेल असे बदलू नये. तीस-चाळीस मिनिटांचे संगीत आधीच मोबाइलमध्ये उतरवून घ्यावे, म्हणजे मध्येच जाहिरात ओरडणार नाही. फोन येऊ नयेत, अशी व्यवस्था करावी. डॉक्टरांना आधी विचारावे. त्यांनी नको म्हटले तर त्यांचे ऐकावे, कारण त्या खोलीत त्यांचे लक्ष विचलित न होणे हे प्रथम आवश्यक आहे. आवाज नेहमी मंदच असावा. रुग्णाला कमी ऐकू येत असेल तर तेही आधी सांगून ठेवावे.

मराठवाड्यातील जैन संघ आणि ट्रस्ट यांनी रुग्णसेवेत हात आखडता घेतलेला नाही. रुग्णवाहिका, व्हीलचेअर, ऑक्सिजनची यंत्रे, औषधांसाठी निधी, अशा अनेक रूपांनी हे दान चालू असते. त्या यादीत एक लहानसा ध्वनिवर्धक आणि विविध संगीताचा एक संग्रह यांची भर पडण्यास फारसा खर्च नाही. ज्या रुग्णालयांना ते उपयोगी वाटेल, त्यांना विचारून ते देता येईल. अभयदानाला जैन परंपरेत फार वरचे स्थान आहे. भयभीत माणसाच्या नाडीचे काही ठोके कमी करणे, हा त्याचा एक छोटा अंशच होय.

बाबूजी आता पूर्वीप्रमाणे मोंढ्यात जातात. स्थानकाचा जिना सावकाश चढतात. छातीवरील ते पोते उतरले आहे. रोज पंचेचाळीस मिनिटे चालणे, तळलेले पदार्थ वर्ज्य, औषधांची वेळ घड्याळावर. सौदे मात्र बरेचसे मुलाकडे सोपवले आहेत. पर्युषणात खमतखामणा करताना बाप-लेकांनी एकमेकांना क्षमा मागितली. कशाबद्दल, हे दोघांनीही बोलून दाखवले नाही.

ती डायरी मुलाला पुढे कधीतरी खणात सापडली. येणे, देणे, पट्ट्या, किल्ल्या, सारे वाचून तो बराच वेळ बसून राहिला. त्याने ती वडिलांना परत दिली नाही, फाडलीही नाही. शेवटच्या कोऱ्या पानावर त्याने आपल्या अक्षरात वडिलांचा रक्तगट, औषधांची नावे, डॉक्टरांचा क्रमांक आणि स्टेंट बसवल्याची तारीख लिहिली. त्याखाली एक ओळ सोडून लिहिले: बाबूजींना सकाळची सनई आवडते. मग आईजवळ जाऊन बसला आणि तिलाही विचारले, "आई, तुला काय ऐकायला आवडतं?" ती हसली आणि म्हणाली, "आज कसं काय सुचलं रे?" आणि आठवू लागली.